कोरी जागा कोणाची?

वेरूळच्या कैलास लेण्यासमोर उभा राहून गाईड जे आकडे सांगतो, ते बहुतेक सगळे तिथं नसलेल्या दगडाचे असतात. दोन लाख टन दगड काढला, असं एक जण सांगतो. दुसरा दीड लाखावर थांबतो. अंदाजच आहेत ते, आठव्या शतकात कोणी काटा लावून बसलं नव्हतं. पण मोजायचं काय, हे त्यांना बरोबर उमगलेलं असतं. सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद चौक, मागचा उभा कडा ३३ मीटरच्या आसपास. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खाली नेले, मधे एक प्रचंड ठोकळा सुटा केला आणि त्या ठोकळ्यातून शिखरापासून पायथ्याकडे देऊळ उतरवत आणलं. देऊळ बांधताना चुकलेला दगड काढून दुसरा बसवता येतो. इथं ती सोय नाही. हत्ती कोरायचा तर हत्तीच्या भोवती जे नको ते आधी पक्कं ठरलेलं असायला हवं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम. नंतरच्या कर्क राजाचा एक ताम्रपट बडोद्याला सापडला. हे आपल्या हातून घडलं कसं, याचं खुद्द करणाऱ्यालाच नवल वाटलं, असं त्यात नोंदवलं आहे. ताम्रपटातली स्तुती नेहमीच थोडी वजा करून वाचावी लागते. ही एक करावीशी वाटत नाही.

त्यावर पुन्हा पांढरा गिलावा चढवलेला होता. हिमालयातला कैलास बर्फाचा, म्हणून हाही शुभ्र. गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे अजून अंगाखांद्यावर दिसतात आणि रंगमहाल हे जुनं नावही त्यातूनच आलेलं. म्हणजे आज आपण ज्या काळ्या, नागड्या बेसाल्टला बघून भारावतो, तो दगड करणाऱ्यांना दाखवायचाच नव्हता. आपल्याला जे मूळ आणि अस्सल वाटतं ते खरं तर झिजून उघडं पडलेलं आहे.

कोरी जागा बघताना ही गफलत फार होते. काही नाही म्हटलं की सगळी ‘काही नाही’ एकाच जातीची वाटतात. पण मुद्दाम मोकळं ठेवलेलं, अर्ध्यावर सुटलेलं, पुसून गेलेलं आणि कोणीतरी जबरदस्तीने पुसलेलं, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ही जागा कोणी कोरी ठेवली आणि ती भरायचा हक्क कोणाकडे आहे, एवढं विचारलं की बरंच काही सुटतं. छत्रपती संभाजीनगर जिल्हा या चौकशीला फार सोयीचा. इथं दीडदोन तासांच्या गाडीरस्त्यावर सगळे नमुने हजर आहेत.

अजिंठ्याला दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात शिरा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे चैत्यगृह. दर्शनी भाग वासिठिपुत कटहादि नावाच्या दात्याने दिला, असा लेख तिथंच आहे. आत दोन्ही बाजूंना अष्टकोनी खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. स्तूप अगदी साधा, गोल घुमटाकार, अंगावर एकही मूर्ती नाही. आता त्याच घोड्याच्या नालासारख्या वळणावर थोडं पुढं चालत जा, एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यात. तिथल्या स्तूपांच्या पोटातून बुद्ध बाहेर आलेला आहे, एका ठिकाणी उभा, एका ठिकाणी पाय सोडून बसलेला. मधे सहा-सातशे वर्षं गेलेली आहेत.

सुरुवातीच्या बौद्ध कलेत बुद्धाची मानवाकृती दाखवत नसत. सांचीला सिद्धार्थ घर सोडून निघतो त्या शिल्पात घोडा आहे, घोड्यावर छत्र धरलेलं आहे आणि खोगिरावर कोणी नाही. कुठे रिकामं आसन, कुठे पावलं, कुठे नुसता बोधिवृक्ष. दहाव्या लेण्याच्या डाव्या भिंतीवर राजा आपल्या परिवारासह बोधिवृक्षाची पूजा करायला आलेला आहे. चित्र फार खराब झालंय, पण माणसांची ती दाटी कळते. जो निर्वाणाला गेला त्याला पुन्हा देहात कशाला आणा, असं या रिकाम्या आसनाचं कारण बरीच वर्षं सांगितलं जात असे. अमेरिकन अभ्यासक सुझन हंटिंग्टन यांनी त्याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की यातली बरीच शिल्पं बुद्धाच्या आयुष्यातल्या प्रसंगांची नाहीतच. नंतरच्या काळात लोक त्या पवित्र स्थळांची यात्रा करत, त्याची ती दृश्यं आहेत. आसन रिकामं दिसतं कारण त्या वेळी ते खरोखरच रिकामं होतं! वाद मिटलेला नाही. मला दुसरं म्हणणं काही शिल्पांपुरतं पटतं. सांचीच्या त्या घोड्याला मात्र ते लागू पडत नाही. रिकाम्या खोगिरावर कोणी छत्र धरत नाही.

दहाव्या लेण्याची गंमत इथं संपत नाही. सातवाहनांच्या काळातले ते कोरे खांब पाचव्या शतकातल्या मंडळींना कोरे बघवले नाहीत. त्यांनी त्यांवर बुद्धाच्या आकृती रंगवून घेतल्या. पुढे १८१९ सालच्या २८ एप्रिलला वाघाच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथ या २८व्या घोडदळाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यातल्या एका खांबावर आपलं नाव आणि तारीख खरडली. आज ते नाव शोधायला मान वर करावी लागते. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा इतका थर साठला होता की तो उभा राहिला ती जमीनच उंच होती. एकाच खांबावर तीन काळांतल्या माणसांनी तीन वेगळे निर्णय घेतले. तिसऱ्याला कोणी विचारलं नव्हतं, हे सोडा. दुसऱ्यांनी तरी पहिल्यांना कुठं विचारलं होतं?

चोविसावं लेणं बहुतेक सहली टाळतात. बस सुटायची वेळ होत आलेली असते आणि आत बघण्यासारखं काही नाही, असं सांगतात. मी तर म्हणेन, लेणी कशी कोरतात हे समजून घ्यायचं असेल तर आधी इथंच यावं. पुरं झालं असतं तर चौथ्या लेण्याच्या खालोखाल मोठा विहार झाला असता. पडवीचे खांब नक्षीदार आणि आत मात्र डोंगरच. समांतर चर खणत कारागीर पुढं गेलेले, चरांमधल्या दगडाच्या भिंती फोडायच्या राहिलेल्या, पुढे ज्यांचे खांब व्हायचे ते ओबडधोबड ठोकळे. छिन्नीचे घाव तिरपे, एकाच दिशेने. कुठवर एकाची पाळी आणि कुठून दुसऱ्याची, तेही काही ठिकाणी ओळखता येतं. वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर अजिंठ्याचाच अभ्यास केला. त्यांच्या मते वाकाटक राजा हरिषेण इ. स. ४७७च्या सुमारास वारला, पाठोपाठ गोंधळ माजला, दात्यांचे पैसे थांबले आणि काम जिथल्या तिथं राहिलं. त्यांचा हा वर्षावर्षाचा हिशेब सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. काम अचानक थांबलं, एवढं मात्र दगडच सांगतो.

भिंतींवरच्या चित्रांत आणखी वेगळ्या जातीच्या कोऱ्या जागा आहेत. चेहरा अर्धा, पुढे मातकट रंगाचा सपाट गिलावा. हात आहे, हातातलं कमळ गेलं. निजाम सरकारने १९२०च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावून चित्रं पक्की करून घेतली. सुटत चाललेल्या गिलाव्याच्या कडा त्यांनी बांधून काढल्या. तेव्हा लावलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं आणि ते काढता काढता पुढच्या पिढ्यांच्या नाकी नऊ आले. पण एक शिस्त पाळली गेली: जे गेलं ते नव्याने रंगवायचं नाही. जागा सपाट भरायची, रंग शेजारच्या चित्राशी भांडणार नाही असा ठेवायचा आणि हात आवरायचा. पर्यटकांना हे कंजूषपणाचं वाटतं. एवढे चांगले कलाकार आहेत, रंगवून टाका की नवीन कमळ, असं म्हणणारे भेटतात. गेलेलं कमळ कसं होतं हे सांगू शकतील अशा नकलाही फारशा उरलेल्या नाहीत. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन दुसऱ्यांदा नकला केल्या, त्यांतल्याही पुष्कळ १८८५ साली साउथ केन्सिंग्टनला जळाल्या.

खुलताबादची कोरी जागा याच्या अगदी उलट, ठरवून ठेवलेली. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे इथं, शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. कबरीवर घुमट नाही, छप्पर नाही. वर माती आणि मातीत लावलेलं सब्जाचं रोप. टोप्या शिवून मिळालेल्या पैशांत दफनाचा खर्च भागवावा, असं त्याने सांगितल्याची गोष्ट प्रत्येकाला ऐकवली जाते. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामाने बसवलेली. बादशहाची कबर इतकी उघडी बघून व्हॉइसरॉयलाच अवघडल्यासारखं झालं असावं. या साधेपणावरून लगेच माणसाच्या स्वभावाचा निकाल लावू नये. पंचवीस-सव्वीस वर्षं दख्खनच्या लढायांत घालवलेल्या सम्राटाने अशी कबर मागणं, यात श्रद्धा असेल आणि आपण कसे आठवले जावे याचा हिशेबही असेल.

त्याची बेगम दिलरस बानू छत्रपती संभाजीनगर शहरातच आहे, बीबी का मकबऱ्यात. ती १६५७ साली गेली. जुन्या तारीखनाम्यातल्या नोंदीप्रमाणे मकबऱ्याला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आला. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, बाकी सगळं दगडावर चुन्याचा गिलावा देऊन साधलेलं. ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून या इमारतीला पिढ्यान् पिढ्या हिणवलं गेलंय. पण आत जाऊन वरच्या सज्जातून खाली वाकून बघा. अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत कबर आहे आणि तिच्यावर दगड नाही, मातीच आहे. ताजमध्ये मुमताजच्या कबरीच्या इंचाइंचावर रंगीत दगडांची नक्षी आहे. एवढा मोठा देखावा उभारून त्याच्या ऐन मध्यावर माती ठेवण्याची ही कल्पना आग्र्यात नाही. नक्कल म्हणणाऱ्यांनी खाली वाकून पाहिलेलं नसतं.

दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतो. इथं शतकानुशतकं कोरेपणा तयार करून विकला जायचा. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा दिल्लीहून आलेल्या लोकांत कागद करणारेही होते, अशी गावातली परंपरा. पेशवाईतल्या दप्तरांत दौलताबादी कागद नावाजलेला होता. कोरा कागद म्हणजे ज्यावर अजून काही झालेलं नाही, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात लिहिणाऱ्याचा हात पडण्याआधी त्यावर बरेच हात पडलेले असायचे. चिंध्या, जुनी तागाची पोती, दोरखंडाचे तुकडे चुन्याच्या पाण्यात कुजत घालायचे, कुटायचे, धुवायचे, पुन्हा कुटायचे. तो लगदा हौदात पाण्यात कालवायचा. मग काड्यांची बारीक चटई चौकटीवर ताणून ती हौदात बुडवायची आणि सपाट वर उचलायची. उचलताना मनगटाला हलका हिसका द्यायचा. तो चुकला की एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पाणी निथळलं की ओला ताव दुसऱ्या तावांवर पालथा, वर वजन, मग भिंतीवर चिकटवून वाळवण. वाळलेला ताव शाई पितो, बोरू टेकला की अक्षर पसरतं. म्हणून त्याला खळ लावायची, पुन्हा वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटत बसायचं. एवढं झालं की ताव कोरा झाला. रंगाने तो पांढरा नसे, पिवळसर असे.

त्या तावावर मोडी लिहिणारा कारकून आधी डावीकडून उजवीकडे एक सलग रेघ मारून घ्यायचा आणि मग अक्षरं त्या रेघेला टांगत जायचा. दोन शब्दांमधे जागा सोडायची पद्धत नव्हती, त्यामुळे आज वाचणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी येतं. समासाला मात्र भरपूर जागा सोडत. आणि पत्राच्या शेवटी, मजकूर संपला की लागलीच, मोर्तब. त्याच्यापुढे कोणी ओळ वाढवू नये म्हणून. शिक्कामोर्तब झालं असं आपण सहज म्हणतो, त्यात ही भीती आहे: खाली उरलेल्या कोऱ्या कागदाची.

भीती खोटी नव्हती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे इथं शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली. धान्य-पैशापेक्षा त्यांना हवी होती ती कर्जखतं. ज्यांवर आपला अंगठा होता पण ज्यांतला मजकूर आपल्याला वाचता येत नव्हता असे ते कागद त्यांनी जाळले. तपासायला आयोग बसला, १८७९ साली कायदा झाला. पुढे सावकारीच्या कायद्यात स्पष्ट कलम आलं की नंतर भरायच्या जागा कोऱ्या सोडलेल्या कागदावर कर्जदाराची सही घ्यायची नाही. गंमत म्हणजे १८८१चा चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा, ज्याखाली चेक बाउन्सचे खटले चालतात, त्याचं विसावं कलम वेगळ्या बाजूला झुकतं: सही करून अर्धवट भरलेला मुद्रांकित दस्त कोणाच्या हाती दिला, तर तो पुरा करायचा अधिकारही दिला असं समजतात. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने बीर सिंग खटल्यात सांगितलं की सही केलेला कोरा चेक स्वखुशीने देण्यापोटी दिला असेल, तर रक्कम दुसऱ्याने भरली एवढ्यावर सुटका होत नाही. उसने पैसे घेताना ‘सिक्युरिटी म्हणून’ दोन कोरे चेक काढून देण्याची पद्धत गल्लोगल्ली आहे. देणाऱ्याला वाटतं आपण काहीच लिहून दिलं नाही.

सरकारला कोऱ्या जागेचं वावडं असतं, आणि क्वचित धास्तीही. आणीबाणी लागल्यावर २८ जून १९७५च्या इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. लगोलग सेन्सॉरने अशा जागा सोडण्यालाही बंदी केली. इथल्या ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव त्या काळात तुरुंगात होते.

एरवीच्या कारभारात मात्र कचेरीने कोऱ्या जागेला सरळ एक नाव देऊन टाकलं आहे, निरंक. वरून माहिती मागवली: गावात अमुक रोगाचे रुग्ण किती, तमुक योजनेचे अर्ज किती. काही नसेल तर रकाना तसाच ठेवून चालत नाही. निरंक असं लिहून, सही-शिक्का करून, जावक क्रमांक टाकून पाठवावं लागतं. लोक याला हसतात. पण रकाना कोरा असेल तर कोणी बघितलंच नाही, की बघितलं आणि सापडलं नाही, हे तहसिलात बसलेल्याला कसं कळणार? महसुलाच्या जुन्या भाषेत बेचिराग गावं असतात. नाव आहे, हद्द आहे, नकाशा आहे, वस्ती नाही. दिवा लावणारं कोणी नाही तरी कागदावर गाव रद्द होत नाही.

आणि सातबारा. मराठवाड्यात कोरा हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो याच्या मागे, मोर्चात, सभेत, निवडणुकीच्या जाहीरनाम्यात. गाव नमुना सातमध्ये ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. बँकेचं, सोसायटीचं कर्ज काढलं की तिथं बोजा चढतो. कर्ज फिटलं की बेबाकीचा दाखला आणायचा, फेरफार व्हायचा आणि मग ती नोंद कमी व्हायची. कमी व्हायची म्हणजे पुसायची नाही. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर तलाठी तिला कंस करत असत. त्यामुळे जुन्या कुटुंबाचा कोरा झालेला सातबारा बघितला, तर तो कंसांनी भरलेला असतो. बापाचं विहिरीचं कर्ज कंसात, आजोबांचं बैलांचं कंसात. २०१७च्या कर्जमाफीत दीड लाखापर्यंत, २०१९च्या योजनेत दोन लाखांपर्यंत माफी झाली, पुढच्या हंगामात नवं पीककर्ज घेतलं गेलं आणि रकाना पुन्हा भरला. पाऊस तोच, कापसाचा भावही तसाच, तर तो कोरा राहणार कसा?

नमुना बारा पिकांचा. ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणीचं ॲप आलं आणि पीक नोंदवायचं काम शेतकऱ्याकडे गेलं. वावरात उभं राहून फोटो काढायचा. ज्याच्याकडे साधा फोन आहे, किंवा ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याच्या उभ्या कपाशीचा रकाना कोरा राहू शकतो. नुकसानभरपाईच्या वेळी त्या रकान्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर येतं.

याच शिवारांत ज्या घरातला कर्ता माणूस कर्जापायी गेला, त्या घरी बोजा सातबाऱ्यावर तसाच राहतो आणि पुसलं जातं ते बाईचं कपाळ. तेराव्याच्या आत, चार बायका धरून. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची. तिच्या शेजारच्या मुसलमान मैत्रिणीचं कपाळ आधीपासूनच मोकळं असतं आणि त्याकडे कोणाची नजर जात नाही. शहरात नोकरी करणारी तिची नणंद सोयीप्रमाणे टिकली लावते, नाही लावत. या बाईच्या कपाळावर मात्र आता सगळ्या गावाचा हक्क.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये ठराव करून ही प्रथा आपल्या गावात बंद केली. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, यांतलं काही कोणी करायचं नाही. कुंकू लावलंच पाहिजे, असं ठराव म्हणत नाही, हे मला त्यातलं शहाणपण वाटतं. त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं आणि पुष्कळ गावांनी ठराव केलेही. संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी करायला निघालेली पोर कोणत्या घराचं दार न वाजवता पुढं जाते, हे अर्थातच इतिवृत्तात येत नाही.